बाजा थांबला की

जांभूळ, ९ जानेवारी २०२३

हरी,

तुझा नंबर लागत नाय. आमची सून तेजस्वी बोलली, आई, मामांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. ब्लॉक म्हणजे काय विचारलं, तर बोलली, दाराला आतून कडी. बरं. दाराच्या फटीतून पत्र तरी जातं. पोस्टातल्या बाईने तुझ्या गॅरेजचा, कॅम्प दोनचा पत्ता वाचला आणि हसली, मावशी, रिक्षाने जा ना, पत्राच्या आधी पोचाल. मी बोलली, तू शिक्का मार.

कामाचं सांगते. आपल्या माळावर मार्चच्या पाच तारखेला शर्यती हायत. बंदी उठल्यापासून आपल्या गावची ही पहिलीच. माझ्याकडे चेंडू बैल हाय. एका बैलाने छकडा पळत नाय, दुसरा बैल दुसऱ्या घरचा लागतो. अंबरनाथच्या अण्णांच्या पाखऱ्याशी जोडी लावायला सगळा तालुका रांगेत उभा हाय, आणि अण्णा मला हो बोलले. फक्त अट घातली. बोलले, मोतीबाय, बैल देतो, पण छकड्यावर ड्रायव्हर हरिचंद्र पायजे. आता काठी चालत नाय, चाबूक चालत नाय, सरकारचा माणूस बघत उभा असतो. नुसत्या जिभेने बैल पळवणारा माणूस मी एकच बघितलाय, दुसऱ्याच्या हातात माझा पाखऱ्या देणार नाय.

म्हणून कळवते. बोलावत नाय, कळवते.

कल्पेशला गोठ्याच्या जागी गाडीसाठी शेड बांधायचीय. चेंडू या सीझनला पळाला तर ठेवू, नायतर मुरबाडचा एक माणूस मागतोय त्याला देऊन टाकू, असं त्याचं म्हणणं. माझा पोरगा वाईट नाय, बैलाचा नाद नाय एवढंच. बापावर गेला नाय. मी बोलली, पाच मार्चपर्यंत गोठ्याच्या एका वाशाला हात लावायचा नाय. मंग बघू.

तीन वर्षं तू माझ्या घरचं पाणी प्यायला नायस. लोकांनी त्याच्या नाना गोष्टी केल्या, म्हणून एकदा सरळ लिहिते. बंदीच्या दिवसांत मी चेंडूला वरातीला लावला. अंगावर झूल, शिंगांना लाइटची माळ, मागे सजवलेल्या गाडीत नवरदेव. अंबरनाथच्या लग्नात तू ते बघितलंस, जेवणाचं ताट खाली ठेवलंस आणि चार माणसांत मला बोललास, "शर्यतीच्या रक्ताचा बैल बाजासमोर नाचवतेस? भाऊजी असते तर तोंड लपवलं असतं त्यांनी."

मी चुकली नव्हती. आजही तेच करीन. तुझे भाऊजी गेलेले, शर्यती बंद, आणि नुसता उभा राहिलेला बैल बघितलायस ना, आतून सडतो. वरातीमुळे चेंडू चालता राहिला. बाजा वाजत असेपर्यंत डुलत चालायचा, मांडवाच्या दारात बाजा थांबला की मी पुढे उभी राहून गूळ द्यायची. शहाणा बैल. आणि तुझे भाऊजी असते तर तोंड लपवलं नसतं, पुढे नाचले असते. तुला माहितीय.

येणार असशील तर ये. नसशील तर अण्णांना तू स्वतः सांग. मी सांगणार नाय.

मोतीताय


जांभूळ, २१ जानेवारी

हरी,

उत्तर नाय. नको देऊ.

कल्पेश कॅम्प दोनला पंपाचा पार्ट आणायला आलेला, तवा तू त्याला गॅरेजात बसवून चहा पाजलास. चेंडूच्या मागच्या खुराचं विचारलंस. बहिणीचं विचारलं नायस. खूर बरा हाय. बहीण पण बरी हाय.

कल्पेश बोलला, तो फ्रेंचवाला अजून भिंतीवर हाय. मला वाटलं परसू सेठ गेल्यावर तू तो काढला असशील. सेठने कुठल्या फॉरेनच्या मासिकातून फाडलेला फोटो, शर्यतीची निळी गाडी, चष्म्यासारखा गॉगल, तोंडभर दात. तू सोळाचा होतास, सेठकडे गॅरेजात पाने पुसायला राहिलेला. सेठने तुला सांगितलं, साईं, ड्रायव्हर असावा तर असा, लढाईनंतर आख्ख्या फ्रान्सने याला खांद्यावर घेतला. मंग काय, तू तिकडून यायचास आणि आमच्या ओट्यावर बसून तेच. त्याचं नाव व्हासूर. मला तवाही जमलं नाय, मी वासू बोलायची, आताही वासूच बोलणार. वासू चाकाकडे बघत नाय, पुढच्या वळणाकडे बघतो. वासू गाडीला शिवी देत नाय. तुझे भाऊजी विचारायचे, वासूच्या गाडीला चारा कोण घालतं रे. तू चिडायचास आणि दुसऱ्या दिवशी छकड्यावर वासूसारखा बसायचास, पाठ वाकवून, हनुवटी पुढे. आणि जिंकायचास. ते खोटं नाय बोलणार.

तर ऐक. परवा तेजस्वीला बोलली, तुझ्या मोबाइलमध्ये सगळं असतं तर हा वासू शोध. तिने शोधला. कोणीतरी त्याच्या गावावर लिहिलंय, त्यात तो हाय. फ्रेंचचं मराठी मोबाइलनेच केलं. फार वाईट मराठी, माझ्याहून वाईट, पण कळलं.

तुझा वासू पाववाल्याचा पोरगा. गाडी पळवायला लागला आणि दोन वर्षांत लढाई आली. पेट्रोल नाय, शर्यती बंद. आपल्यासारखंच. जर्मन लोक गाडी उचलून नेतील म्हणून त्याने निळी गाडी गवताच्या गंजीत लपवली. पण आधी तिचं इंजिन काढलं. ते कशात बसवलं माहितीय? बापाच्या पावाच्या टेम्पोत. लढाई संपेपर्यंत तुझा वासू शर्यतीच्या इंजिनावर गावोगाव पाव वाटत होता, हरी. सकाळी पाव, संध्याकाळी पाव. लढाई संपल्यावर इंजिन परत गाडीत टाकलं आणि पहिल्याच शर्यतीत दुसरा आला. लिहिलंय, गाडी जवळून गेली की भाजलेल्या मैद्याचा वास यायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

इतकी वर्षं तू आम्हाला वासू सांगितलास. पाव नाय सांगितलास. सेठने गाळला का तू गाळलास?

कोणी त्याला असं बोललं का, शर्यतीच्या रक्ताचं इंजिन तू पावाला लावतोस? बोललं असेल. तिकडेही भाऊ असतीलच.

पुढचं पण वाचलं. नऊ वर्षं जिंकला. मंग त्याचा दोस्त शर्यतीत मेला, तवा हा घरी बसला, गाडीवर ताडपत्री टाकली. पन्नाशीत परत आला. गॉगलच्या आत नंबरचा चष्मा. लोक हसले. शेवटच्या शर्यतीत चौथा आला आणि उतरून म्हणे सगळ्यांना मिठ्या मारत सुटला, पहिला आल्यासारखा.

तू अठ्ठावन्नचा. मी हिशोब लावते असं नाय, आईने तुला माझ्या कडेवर दिलेला म्हणून लक्षात राहतं.

मोतीताय


जांभूळ, २ फेब्रुवारी

हरी,

तू व्हिडिओ बघितला असशील. सगळ्या तालुक्याने बघितला. पोस्टातल्या बाईनेसुद्धा बघितला, आज शिक्का मारताना खाली मान घालून हसत होती.

तू येत नायस, म्हणून वांगणीच्या शर्यतीत मी चेंडूला शेजारच्या भिमाबाईच्या बैलाबरोबर जोडला. छकड्यावर कल्पेशचा एक दोस्त बसला. पोरगा चांगला, नुसता ओरडत होता. मला दाखवायचं होतं की तुझ्याशिवाय होतं. ते लिहायचं नव्हतं पण लिहून गेली, आता खोडत नाय.

सुटताना चेंडू असा सुटला की माणसं बाजूला झाली. आणि मंग काय झालं देवाला माहीत. तिथे कठड्याच्या कडेने बेंजोवाले बसवले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे पोचला आणि पळायचा थांबला. उभा नाय राहिला. चालायला लागला. डुलत. मान इकडे, मान तिकडे. भिमाबाईचा बैल पळायला बघतोय, हा त्याला आवरून धरतोय, सावकाश, सावकाश, कोणाच्या तरी लग्नाला चालल्यासारखा. एक दारू प्यालेला माणूस पुढे येऊन नाचायला लागला. चेंडू त्याच्या मागे. लोक रडेपर्यंत हसले. माइकवाला बोलला, वधूपक्षाने स्वागताला यावे.

मी पण हसली असती, बैल माझा नसता तर.

कल्पेश तर घरी येऊन शेडसाठी पत्र्याचं माप घेत होता. मी बोलली पाच मार्च अजून गेला नाय. तर बोलला, आई, त्याला दम नाय, तू उगाच. दम नाय? तो सुटला कसा ते मी बघितलंय. दम नसलेला बैल तसा सुटत नाय. त्याला काय होतं ते मला कळत नाय, एवढंच. बैलातलं मला सगळं कळतं पण पळतानाचं नाय, ते तुझ्याकडे. आमच्या घरात ते तुझ्याकडेच होतं.

अण्णांचा निरोप आला. पाखऱ्या अजून देतो, अट तीच.

मोतीताय


जांभूळ, १२ फेब्रुवारी

हरी,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी एक ओळ लिहिलीस, तीही बैलावर. "बाजा चालू असताना बघू नको, बाजा थांबतो तेव्हा चेंडू काय करतो ते बघ." खाली सही पण नाय. अक्षर ओळखलं, कोंबडीने पाय फिरवल्यासारखं.

आधी मला राग आला. मला शिकवतो. मंग आठवलं आणि मी ओट्यावर बसली ती बसूनच राहिली.

तुला एक गोष्ट कोणी सांगितली होती का? मी तर कोणाला सांगितली नव्हती. बदलापूरच्या एका वरातीत मध्येच लाइट गेली. बाजा बंद. आणि चेंडू नवरदेवाला घेऊन जो निघाला, तो मांडव, पाहुणे, आहेर सगळं ओलांडून मागे आचाऱ्याकडे. नवरदेवाचा फेटा जिलबीच्या कढईजवळ सापडला. तेव्हा तुझ्या कानावर जायला नको म्हणून मी सगळ्यांना शपथ घातली. मला वाटायचं बैल अंधाराला घाबरला. घाबरला कुठला. बाजा थांबला म्हणजे गूळ मिळणार, एवढंच त्याला माहीत. गूळ दिसला नाय म्हणून शोधायला गेला.

काल संध्याकाळी करून बघितलं. छकडा जोडला, डावीकडे चेंडू, उजवीकडे शेजारचा म्हातारा बैल रामा. कल्पेशला कासरा दिला. तेजस्वीने मोबाइलवर हळदीची गाणी लावली, तो लहान स्पीकर जोडून. मी आंब्याखाली लांब, हातात गुळाचा खडा. गाणं चालू तवर चेंडू देवळातल्या नंदीसारखा. कान हलत नाय. मी पदर हलवला, तेजस्वीने गाणं बंद केलं.

हरी, छकडा माझ्यापर्यंत आला तवा कल्पेश त्यात नव्हता. मागे शेणात बसला होता. रामा बिचारा चौखूर उधळत नुसता ओढला जात होता. चेंडूने गूळ खाल्ला आणि माझ्या हाताला चाटत राहिला.

कल्पेश उठला, पँट झटकली, आणि सांगते काय बोलला. "आई, परत लाव." पाचदा लावलं. काळोख पडला तवा तेजस्वीने आम्हा दोघांना घरात हाकललं. पत्र्याच्या मापाचा कागद चुलीत गेलाय. कोणी टाकला मला माहीत नाय, मी विचारलं नाय.

पण कल्पेश प्रत्येक वेळी पडला. या बैलावर बसायला कल्पेश कामाचा नाय आणि ओरडणारा तो पोरगा तर नायच. याला कोणी ओरडायला नकोच. नुसतं बसणारा पायजे, हलका, बैलाच्या आधी हालणारा नाय आणि मागे राहणारा नाय.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं अण्णांची अट. अण्णांची हाय. माझी पण हाय.

मोतीताय


जांभूळ, २४ फेब्रुवारी

हरी,

मी बाजाराला गेली की तू येतोस.

गुरुवारी मी बदलापूरला, तू इथे. सोमवारी मी दातवाल्याकडे, तू इथे. तेजस्वीला तू शपथ घातलीस, मामा आले होते सांगायचं नाय. तिने शपथ पाळली, एक शब्द बोलली नाय. पण भाकऱ्या मोजक्याच असतात आमच्याकडे, आणि जवळ्याची चटणी अर्धी वाटी कमी कोण करतं ते मला लहानपणापासून माहीत हाय. चेंडूच्या पाठीवर कोणीतरी उलट्या हाताने खरारा केला होता. डावखुरा माणूस आमच्या घरात नाय. आणि गोठ्याच्या खुंटीला गॉगल. हरी, गॉगल विसरून कोण लपतं?

मी तिथेच ठेवलाय. पुसून ठेवलाय.

चेंडू दोन दिवस वेगळाच उभा राहतोय, छाती काढून. अण्णा पाखऱ्याला घेऊन रविवारी येणार हायत, दोघांची जोडी जमवून बघायला. मी घरी नसेन, असं धरून तू ये. मी मागच्या पडवीत असेन. बोलायची गरज नाय. भाकरी ताटाखाली झाकलेली असेल. चटणी पूर्ण वाटीभर ठेवते, लाज सोडून खा.

बेंजोवाल्या मास्तरला मी जाऊन भेटली. आपल्या माळावर तोच वाजवणार हाय. त्याला बोलली, सुरुवातीच्या रेघेजवळ बसायचं, जोरात वाजवायचं, झेंडा हलला की सगळ्यांचे हात वर. एक टिपरी चुकून पडली तर आपल्या गावात पुन्हा हळद मिळणार नाय. तो बोलला, मावशी, वाजवायला सांगणारे लोक भेटतात, बंद करायला सांगणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी बोलली, मला गाजावाजा आवडत नाय. हे खरं हाय, तुला माहितीय. या बैलापायी कुठे कुठे जावं लागतंय बघ.

मोतीताय


जांभूळ, ८ मार्च

हरी,

काल परवा तू इथेच होतास, रात्री गुलालाच्या तोंडाने माझ्याच पडवीत घोरलास, आणि आता पत्र कसलं असं तेजस्वी विचारते. तिला सांगितलं, तो छकड्यावर होता. छकड्यावरच्या माणसाला चार शिंगं आणि एक झेंडा दिसतो. बाकीचं मी बघितलं. ते तुला कोण सांगणार?

तू पाठ वाकवून बसलास आणि मला एकदम वासू दिसला. गॉगल, दात, सगळं. पोट सोडून. तुझ्या शेजारच्या छकड्याचे ते पांढरे बैल बेंजोने नुसते पिसाळले होते, दोन माणसं एकेका वेसणीला लोंबकळत होती. आपला चेंडू बाजा ऐकून हळदीच्या पाटावर बसल्यासारखा. पाखऱ्या त्याच्याकडे बघून शांत झाला. माइकवाला वांगणीचाच. त्याने ओळखलं. बोलला, आता येत आहे जांभूळच्या मोतीबाईंचा वरातीचा बैल, अहो मोतीबाई, नवरदेव कुठे हाय? सगळा माळ हसला. मी लांब दुसऱ्या टोकाला गूळ घेऊन उभी, माझे कान गरम झाले. आणि तू छकड्यावर उभा राहिलास, हात वर केलास आणि ओरडलास, "मी हाय."

हरी, तू हे बोललास. ज्याने ताट ठेवलं होतं तो. त्या वेळेला शर्यत हरलो असतो तरी मला चाललं असतं. हे मी कल्पेशला सांगणार नाय.

मंग झेंडा, आणि मास्तरचे हात वर. एवढी माणसं, आणि माळावर चिमणीचा आवाज. आणि मंग चेंडू. बाकी लोक बोलतात बाण, वारा, काय काय. मला तो दिसला तसा सांगते, गूळ दिसलेला बैल. पाखऱ्याला आजवर कोणी ओढलं नव्हतं, अण्णा बोलले, आज त्याला पहिल्यांदा कळलं शेजारी कोण हाय. तुझी जीभ मला तिकडून ऐकू येत होती, टक, टक, टक. एकदाही ओरडला नायस.

आता जे तुला माहीत नाय ते. अर्ध्या वाटेत तुला काय वाटलं? चेंडूचा पाय क्षणभर जड झाला ना? तू रात्री बोललास, दगड असेल. दगड नव्हता. माझ्या शेजारी डीजेचा टेम्पो उभा होता, आधीच्या शर्यतीत जिंकलेल्यांचा. त्यांच्या पोरांनी त्या शांततेत गाणं लावलं. मला चेंडूचा कान फिरताना दिसला. मान डुलायला लागली. पांढरे बैल तुमच्या पुढे निघाले. मी त्या डीजेच्या पोराला बोलली बंद कर, त्याला ऐकूच येत नव्हतं, त्याचंच गाणं. मंग मी साडी खोचली, टेम्पोच्या मागे गेली आणि जनरेटरची वायर उपटली.

त्या पोराला वाटलं लाइट गेली. सगळ्यांना तेच वाटलं. तो पोरगा वायर शोधत टेम्पोभोवती तीन चकरा मारत होता, आणि ती माझ्या पदराखाली होती. एका हातात वायर, एका हातात गूळ. त्याच्या पुढचं तू बघितलंस, एका शिंगाने पुढे आलात तुम्ही. झेंड्याला थांबायचं असतं हे चेंडूला कोणी शिकवलं नाय, तो सरळ माझ्या पोटावर आला. तू घामाने निथळत, गॉगल कपाळावर, आणि तीन वर्षांनी माझ्या तोंडावर पहिलं वाक्य बोललास, "ताय, बाजा लाव आता, नायतर हा तुला पण खाईल."

मी मागे जाऊन वायर जोडली. पोरगा बोलला, लाइट आली. मी बोलली, आली.

कल्पेश नाचताना तू बघितलास की नाय? मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बघितला. बापासारखाच नाचतो. एक खांदा वर, एक खाली. तिथे माझ्या डोळ्यांत गुलाल गेला.

वायरीचं कोणाला बोलू नकोस.

मोतीताय


जांभूळ, २९ मार्च

हरी,

तेजस्वी बोलली, मामांनी कडी काढलीय, फोन लागतो. मला वाटलं फोन करशील. तर तुझं परत कार्ड. पत्रांची सवय तुला लागली का मला? पोस्टातली बाई बोलली, मावशी, आता तुमच्या भावाचं पत्र मी आधी वाचते हां, कार्डच हाय ना. म्हणजे तुझं काय काम होतं ते माझ्याआधी बदलापूर पोस्टाला कळलं.

तरी तू सरळ लिहिलं नायस. आधी चेंडूचा खूर कसा, मंग पाखऱ्याची तब्येत, मंग भिंतीवर वासूच्या बाजूला तेजस्वीने काढलेला फोटो लावला, त्यात माझा गुळाचा हातच आलाय आणि तोंड नाय, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तुझ्या दिपेशचं लग्न मे महिन्यात ठरलं, आणि होणारी सून करिष्मा बोलते की नवरदेव त्याच बैलाच्या गाडीतून आला पायजे, नायतर ती हळद लावून घेणार नाय. "तर ताय, बघ जमतं का."

जमतं का.

तीन वेळा वाचलं मी ते. मंग कल्पेशला वाचून दाखवलं, अण्णांना फोनवर वाचून दाखवलं, भिमाबाईला कुंपणावरून वाचून दाखवलं. चेंडूला पण वाचून दाखवलं. त्याने शेपटी हलवली, पण माशी असेल.

जमतं. झूल धुवायला टाकलीय. लाइटच्या माळेतले अर्धे दिवे गेलेत, कॅम्प दोनमध्ये नवी मिळते, ती तू आण, चांगली आण, निळी आण. वासूच्या गाडीचा रंग असू दे. कल्पेशने शेड बांधलीच, पण गोठ्याच्या बाजूला, आणि पंखा गोठ्यात लावलाय. शेडमध्ये चेंडूचा पेंढा भरलाय, गाडी उन्हात उभी असते.

पण एक नीट ऐकून ठेव. कॅम्प दोनला गल्ल्या अरुंद, माणसं फार, मिठाईची दुकानं दोन्ही बाजूंनी. बाजावाल्यांना दोन जोड्या ठेव, एक दमली की दुसरी, श्वास घ्यायला पण थांबायचं नाय. जनरेटरजवळ कल्पेशला उभा कर, तिथे कोणा म्हातारीला फिरकू देऊ नकोस. बाजा मध्येच थांबला तर दिपेश मांडवात उतरणार नाय, थेट कल्याणच्या हलवायाकडे उतरेल, आणि करिष्माच्या घरचे मला विचारतील.

मांडवाच्या दारात गूळ घेऊन या वेळी तेजस्वी उभी राहील. मला तिथे उभं राहायला वेळ नाय. वरातीत बैलापुढे नाचायला घरचं माणूस लागतं. तुझे भाऊजी नायत.

कासरा तू धर. गॉगल लाव. पुढे मी नाचते.

हसायचं नाय.

मोतीताय